ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं : भारत आणि तैवान

अक्षांश

तैपेईत जागतिक व्यापार केंद्राची एक उंच इमारत आहे. तिच्यात ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ अशी पाटी लावलेलं एक ऑफिस आहे. पाटी वाचून वाटावं, परदेशातल्या देशी मंडळींनी दिवाळीचे कार्यक्रम करायला काढलेलं मंडळ असेल. आत गेलं की व्हिसा मिळतो, भारतीयांचे पासपोर्ट नवे करून मिळतात आणि मुख्य खुर्चीतला साहेब परराष्ट्र सेवेतला असतो. त्याला राजदूत मात्र म्हणायचं नाही. महासंचालक म्हणायचं. दिल्लीत त्याची जोडीदार संस्था आहे, तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र. तिथल्या प्रमुखाला म्हणायचं प्रतिनिधी. ‘तैवान’ हा शब्द दोन्ही पाट्यांवर औषधालाही नाही.

कारण बहुतेकांना ठाऊक असेल. ३० डिसेंबर १९४९ रोजी भारताने चीनमधल्या माओच्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि यादवीत हरून तैवानला गेलेल्या च्यांग कै-शेकच्या सरकारशी असलेले संबंध संपले. हा तोच च्यांग, जो फेब्रुवारी १९४२ मध्ये बायकोला घेऊन भारतात आला होता, कलकत्त्यात गांधीजींना भेटला होता आणि भारतीयांच्या हाती खरी सत्ता द्या असं ब्रिटिशांना जाताजाता सुनावून गेला होता. पुढची ४५ वर्षं जवळपास शुकशुकाट. मग १९९५ मध्ये, नरसिंह रावांच्या काळात, ही दोन ऑफिसं निघाली.

‘तैवानला मान्यता द्यावी की नाही’ यावर आंतरजालावर भरपूर कुस्त्या झाल्यात. मला कुतूहल आहे ते ‘आमचे संबंध नाहीत’ हे वाक्य खरं ठेवण्यासाठी किती खटाटोप करावा लागतो, याचं. गुंतवणुकीचा करार २००२ मध्ये झाला, २०१८ मध्ये नव्याने झाला. दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार २०११ मध्ये झाला. कामगार पाठवण्याचा सामंजस्य करार फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. यातल्या एकाही कागदावर भारत सरकार आणि तैवान सरकार असे दोन पक्ष नाहीत. एका बाजूला असोसिएशन, दुसऱ्या बाजूला केंद्र. १९९५ मध्ये व्यापार एक अब्ज डॉलरच्या आसपास होता, तो आता दहा अब्जांच्या घरात आहे. गुजरातमधल्या ढोलेऱ्यात टाटांचा ९१,००० कोटींचा चिप कारखाना उभा राहतोय, त्याचं तंत्रज्ञान तैवानच्या पॉवरचिप कंपनीचं. २०२४ मध्ये फॉक्सकॉनचे अध्यक्ष यंग लिऊ यांना पद्मभूषण मिळालं, तेव्हा सरकारी यादीत त्यांच्या नावापुढे राज्य किंवा देश या रकान्यात सरळ ‘तैवान’ छापलं होतं. म्हणजे पुरस्काराच्या यादीत चालतं, पाटीवर चालत नाही.

सगळ्यात गंमत जिनिव्हात आहे. जागतिक व्यापार संघटनेत तैवान १ जानेवारी २००२ पासून सदस्य आहे, पण नाव काय, तर ‘तैवान, पंघू, किनमन आणि मात्सू यांचा स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेश’. एका दमात म्हणून दाखवा. या स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेशाने २०१९ मध्ये भारतावर खटला भरला, मोबाइल वगैरे इलेक्ट्रॉनिक मालावरच्या आयातशुल्कावरून. एप्रिल २०२३ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. त्यानंतर निकाल स्वीकारण्याची मुदत दोघांनी मिळून पुन्हापुन्हा वाढवून घेतली. ज्याच्याशी रीतसर बोलचाल नाही त्याच्याशी कोर्टात भांडायचं, आणि पुढची तारीख मात्र गुण्यागोविंदाने एकत्र मागायची!

लोक या पाटीला ढोंग म्हणतात. मला ती किंमत वाटते. बाकीचं जे काही मिळालंय, करार, कारखाने, शिष्यवृत्त्या, ते सगळं त्या पाटीच्या बदल्यात मिळालंय. प्रश्न एवढाच की ही किंमत नेमकं कोण चुकवतंय. जाणकारांनी लिहावं.

---

खट्याळ

पहिला!

लेख आवडला. एक माहितीची भर: तैपेईतल्या त्या असोसिएशनचे पहिले महासंचालक होते विनोद खन्ना. नाही, ते नव्हेत. परराष्ट्र सेवेतले विनोद खन्ना. पण ४५ वर्षांच्या अबोल्यानंतर तैवानी लोकांना वाटलं असेल, भारताने एकदम हीरोच पाठवला.

---

दीपमाळ

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. मान्यता नसणं आणि राजनैतिक संबंध नसणं, हे एकच का? बातम्यांत दोन्ही शब्द आलटूनपालटून येतात आणि माझा गोंधळ होतो.

---

हेमाडपंती

दीपमाळ, बाळबोध अजिबात नाही, इथेच भले भले घसरतात.

मान्यता म्हणजे ‘तुम्ही देश आहात’ किंवा ‘त्या देशाचं सरकार तुम्ही आहात’ हे कबूल करणं. हे एकतर्फी करता येतं. राजनैतिक संबंध मात्र दोघांच्या संमतीने सुरू होतात, १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या दुसऱ्या कलमात हे स्वच्छ लिहिलंय. मान्यता देऊनही संबंध न ठेवणं शक्य आहे. आपलाच शेजारी भूतान घ्या. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी एकाशीही भूतानचे औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. भांडण आहे का? नाही. अमेरिकेशी बोलायचं तर दिल्लीतल्या दूतावासांमार्फत बोलतात. चीनशी तर १९८४ पासून सीमेवर बोलणी चालू आहेत, पंचविसावी फेरी ऑक्टोबर २०२३ मध्ये खुद्द बीजिंगमध्ये झाली. दूतावास एकाचाही नाही.

तिसरा प्रकार संबंध तुटल्यानंतरचा. अमेरिकेने क्यूबाशी संबंध तोडले, पण १९७७ पासून २०१५ पर्यंत हवानामध्ये अमेरिकेचे अधिकारी बसत होते, तेही स्वतःच्याच जुन्या दूतावासाच्या इमारतीत. फक्त कागदोपत्री तो स्विस दूतावासाचा एक ‘हितसंबंध विभाग’ होता. म्हणजे घर आपलं, वावरायचं मात्र पाहुण्यासारखं. इराणमध्ये १९८० पासून स्वित्झर्लंडच अमेरिकेचं काम बघतो.

तैवान या तिन्हींत बसत नाही. तिथे मान्यताही नाही, तिसऱ्या देशाची मध्यस्थीही नाही. म्हणून हा ‘संघटना’ नावाचा चौथा प्रकार शोधावा लागला. पहिला मान जपानचा. सप्टेंबर १९७२ मध्ये जपानने बीजिंगशी संबंध जोडले आणि वर्ष संपायच्या आत तैपेईशी व्यवहारासाठी एक ‘खासगी’ संस्था उभी केली. तिच्या नावात २०१७ पर्यंत ना जपान होतं ना तैवान, नुसतं ‘आदानप्रदान संघटना’. कसलं आदान, कोणाला प्रदान, तोंडातून चकार शब्द नाही.

---

सडेतोड

सगळं ठीक आहे, पण याला मुत्सद्देगिरी म्हणू नका. घाबरटपणा म्हणा.

चीन काश्मीरच्या लोकांना पासपोर्टवर नव्हे, वेगळ्या कागदावर स्टेपल करून व्हिसा देत होता. २०१० मध्ये आपल्या उत्तर विभागाच्या लष्करप्रमुखाला व्हिसा नाकारला. त्यानंतर आपण काय केलं? डिसेंबर २०१० मध्ये चीनचे पंतप्रधान वेन च्यापाओ आले, तेव्हाच्या संयुक्त निवेदनात ‘एक चीन’ (म्हणजे तैवान चीनचाच भाग) हे शब्द घातले नाहीत. तेव्हापासून घालत नाही. बस. एवढाच आपला बाणेदारपणा, एक वाक्य न लिहिणं.

आणि २०१८ मध्ये एअर इंडियाने संकेतस्थळावर तैवानचं ‘चायनीज तैपेई’ केलंच ना, चीनच्या विमान वाहतूक खात्याचं पत्र आल्यावर? तेव्हा ती सरकारी कंपनी होती. दूतावास उघडा, काय होईल ते होईल.

---

अक्षांश

सडेतोड, ‘काय होईल ते होईल’चं उत्तर लिथुआनियाकडे आहे. त्यांनी दूतावासही उघडला नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये विल्निअसमध्ये तैवानचं प्रतिनिधी कार्यालय सुरू झालं, तेव्हा पाटीवर ‘तैपेई’ऐवजी ‘तैवानी’ असं लिहू दिलं, एवढंच. चीनने संबंधांचा दर्जा खाली आणला आणि लिथुआनियाचा माल चिनी बंदरांत अडकू लागला. एका शब्दाचा हा हिशेब.

न लिहिण्याला तुम्ही कमी लेखताय, तिथे मात्र माझी हरकत आहे. जून २०२४ मध्ये तैवानचे अध्यक्ष लाय यांनी मोदींचं अभिनंदन केलं, मोदींनी आभार मानत संबंध आणखी घट्ट व्हावेत असं लिहिलं, आणि चीनने निषेध नोंदवला. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीला येऊन गेले, तेव्हा भारताने तैवान चीनचा भाग असल्याचं म्हटलं, असं चिनी निवेदनात आलं. दिल्लीने लगेच सांगितलं की आमच्या भूमिकेत बदल नाही, तैवानशी आमचे आर्थिक, तंत्रज्ञानविषयक आणि सांस्कृतिक संबंध आहेत. पंधरा वर्षं न लिहिलेलं वाक्य आपल्या तोंडी घातलं गेलं, तर ते पुसायला सरकार धावलं. म्हणजे न लिहिण्यालाही वजन आहे.

---

जमाखर्च

अक्षांश, तुम्ही कराराचा उल्लेख केलात म्हणून खास लॉग-इन केलं. आम्हा करवाल्यांना तैवान प्रकरण फार जवळचं.

दुहेरी करआकारणीचे करार १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ९० खाली होत आले. तिथे भारत सरकार दुसऱ्या देशाच्या सरकारशी करार करतं. आता समोर ‘सरकार’च मान्य नसेल तर? मग करार कोणाशी? २००६ च्या वित्त कायद्याने एक नवं कलम घातलं, ९०-ए. त्यात म्हटलंय की भारतातली एखादी ‘विनिर्दिष्ट संस्था’ परदेशातल्या ‘विनिर्दिष्ट प्रदेशा’तल्या एखाद्या संस्थेशी असा करार करू शकते, आणि केंद्र सरकार तो अधिसूचना काढून लागू करू शकतं. देश नाही, प्रदेश. सरकार नाही, संस्था. या वाटेने इंडिया-तैपेई असोसिएशन आणि तैपेई केंद्र यांनी जुलै २०११ मध्ये सह्या केल्या आणि ऑगस्टमध्ये करार अमलात आला.

मसुदा वाचाल तर कुठेच पत्ता लागत नाही की हे दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. निवासी कोण, कायमस्वरूपी आस्थापना कशाला म्हणायचं, लाभांशावर साडेबारा टक्के, व्याजावर आणि रॉयल्टीवर दहा टक्के, सगळं इतर करारांसारखं. फक्त जिथे ‘करार करणारे देश’ असं यायचं तिथे ‘प्रदेश’ येतो.

अमेरिकेने हेच एका फटक्यात केलं होतं. १९७९ च्या त्यांच्या तैवान संबंध कायद्यात तरतूद आहे की अमेरिकेच्या कायद्यांत जिथे जिथे परकीय देश, राष्ट्र, सरकार असे शब्द येतील, तिथे तैवान धरून चालायचं. एका वाक्यात सगळे कायदे निस्तरले. आपण असा एक मोठा कायदा केला नाही. गरज पडेल तिथे ठिगळ लावतो. आयकरात ठिगळ, गुंतवणुकीत ठिगळ. पण ठिगळाची शिवण पक्की आहे हो, कंपन्या बिनघोर त्यावर कोट्यवधींचे हिशेब करतात.

---

खट्याळ

म्हणजे शीर्षक चुकलंय. भांडं लपवलेलं नाहीच, सगळ्यांना दिसतंय. भांड्यावर कोरलेलं नाव तेवढं घासून काढलंय.

---

हेमाडपंती

खट्याळ, कधी नव्हे ते बरोबर बोललात!

जमाखर्च यांनी कागदांचं सांगितलं, मी माणसांचं सांगतो. अनौपचारिक संबंधांत माणसांनाही नाव बदलून जावं लागतं.

अमेरिकेने तैपेईत दूतावास बंद करून ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट इन तैवान’ काढली, तीही एक खासगी, ना-नफा संस्था म्हणून नोंदवलेली. मग तिथे काम करणारे सरकारी अधिकारी कसे चालतील? म्हणून नियम असा की परराष्ट्र खात्याच्या माणसाने नोकरीतून वेगळं व्हायचं, संस्थेत रुजू व्हायचं, तिथली मुदत संपली की परत खात्यात यायचं. सेवाज्येष्ठता शाबूत. वर्षानुवर्षं हे चाललं. वॉशिंग्टनमध्ये तैवानच्या मुत्सद्द्यांनी परराष्ट्र खात्याच्या इमारतीत पाय ठेवायचा नाही, म्हणून गाठीभेटी हॉटेलांत आणि रेस्टॉरंटांत. कित्येक पेचप्रसंगांवर सूप पिता पिता चर्चा झाल्या असतील.

त्यांच्या राजदूतांचं जुनं निवासस्थान होतं, ट्विन ओक्स. डिसेंबर १९७८ मध्ये कार्टर यांनी संबंध तोडण्याची घोषणा केली, तेव्हा ही हवेली बीजिंगच्या हाती लागू नये म्हणून तैवानने ती एका मित्रसंस्थेला विकून टाकली. किंमत १० डॉलर! काही वर्षांनी परत घेतली.

आणखी एक. १९९४ मध्ये अध्यक्ष ली तंग-ह्वे मध्य अमेरिकेकडे जाताना होनोलुलूला उतरले. अमेरिकेने विमानात इंधन भरू दिलं, पण रात्रीच्या मुक्कामाला परवानगी नाही. ते विमानातच बसून राहिले. त्याच वर्षी आग्नेय आशियात मात्र ते ‘सुट्टीवर’ गेले होते, गोल्फ खेळायला. गोल्फच्या मैदानावर त्या त्या देशाचे सत्ताधारी योगायोगाने भेटत होते.

आपल्याकडे यासाठीचा शब्द आहे ‘निवृत्त’. ऑगस्ट २०२३ मध्ये तिन्ही दलांचे माजी प्रमुख, नरवणे, करमबीर सिंग आणि भदौरिया, तैपेईतल्या एका सुरक्षा परिषदेला गेले होते. माजी असल्यामुळे सरकारचा संबंध नाही! आणि मे २०२० मध्ये तैवानच्या तेव्हाच्या अध्यक्ष त्साय इंग-वेन यांच्या शपथविधीला मीनाक्षी लेखी आणि राहुल कस्वां हे दोन खासदार हजर होते, पण व्हिडिओवर. करोनाने सोय केली.

---

दीपमाळ

सूप पिता पिता 😄

धन्यवाद काका, आता गोंधळ गेला. मे २०२१ मध्ये तैवानने आपल्याला १५० ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि ५०० सिलिंडर पाठवले होते, ते रेड क्रॉसच्या नावे आले असं वाचल्याचं आठवतं. तेही सरकारचं नाव टाळायलाच ना?

---

हेमाडपंती

नाही हो. त्या काळात परदेशातून आलेली बहुतेक मदत रेड क्रॉसमार्फतच घेतली जात होती, अगदी अमेरिकेचीसुद्धा. प्रत्येक गोष्टीत तैवानचा कावा शोधू नका, नाहीतर रेड क्रॉसचा धागा वेगळा काढावा लागेल.

---

रानजाई

मी तैवानमधल्या शिंचू शहरात अडीच वर्षं एका प्रयोगशाळेत होते, म्हणून ‘किंमत कोण चुकवतं’ याबद्दल लिहिते.

खरं सांगायचं तर रोजच्या जगण्यात काही जाणवत नाही. निवासपत्र मिळतं, विमा मिळतो, पासपोर्ट संपत आला की तैपेईला जाऊन नवा करता येतो. आमच्या मुदपाकखान्यात (वसतिगृहाचं सामायिक स्वयंपाकघर, त्याला आम्ही हेच म्हणायचो) या विषयावर कोणी एक शब्द काढत नसे. जाच होतो तो कागदांचा.

आपल्याकडे परदेशासाठी पदवीचा कागद प्रमाणित करायचा म्हटलं की सगळे सांगतात, अपॉस्टिल (करारातल्या सगळ्या देशांत चालणारा सरकारी शिक्का) करून घ्या. मीही एका एजंटच्या सांगण्यावरून केलं आणि हात हलवत बसले. तैवान अपॉस्टिलच्या करारात नाहीच. आंतरराष्ट्रीय करारात जायला देश म्हणून दार उघडावं लागतं, ते त्यांच्यासाठी बंद. म्हणून जुनी वाट, आधी परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, मग तैपेई केंद्राचं. एजंटने पैसे परत केले नाहीत ते नाहीतच. पाटीवरच्या शब्दाची माझ्या वाटणीची किंमत म्हणजे जवळजवळ दोन महिने.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. तिथले सहकारी कधीतरी सहज विचारायचे, भारत आम्हाला देश मानतो का? रागाने नाही, कुतूहलाने. मी पहिल्यांदा काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. नंतर एका मैत्रिणीने स्वतःच माझी सुटका केली. म्हणाली, आमच्या पासपोर्टवरही वर ‘चीनचं प्रजासत्ताक’ लिहिलंय आणि खाली ‘तैवान’, मग तुला तरी काय दोष द्यायचा?

---

बाणकोट

रानजाई, फार छान प्रतिसाद.

आपण हा खेळ तैवानबरोबर पहिल्यांदा खेळलो नाही. याची तालीम मुंबईत झाली, इस्रायलबरोबर.

भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली. राजनैतिक संबंध जोडले २९ जानेवारी १९९२ रोजी. मधली ४१ वर्षं? १९५३ पासून मुंबईत इस्रायलची एक वकिलात होती. दिल्लीत नाही, मुंबईत. कोकणातले बेने इस्रायली तेव्हा मोठ्या संख्येने तिकडे निघाले होते, त्यामुळे कार्यालय लागणारच होतं, आणि मुंबईत ते दिल्लीच्या डोळ्यांवर येत नव्हतं. अधिकारक्षेत्र फक्त महाराष्ट्र. म्हणजे एक अख्खा देश आपल्याशी बोलणार, पण राज्याच्या वेशीच्या आत. १९८२ मध्ये तिथल्या इस्रायली वाणिज्यदूताने एका मुलाखतीत भारताच्या अरबधार्जिण्या धोरणावर तोंड सोडलं, तर त्याला देशाबाहेर काढलं.

आणि हे सगळं चालू असताना १९६२ च्या युद्धात नेहरूंनी इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांना पत्र लिहिलं होतं आणि तिकडून शस्त्रं आली होती. १९७१ मध्येही आली. ऑगस्ट १९७७ मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप दिल्लीला येऊन मोरारजींना भेटून गेले. एका डोळ्यावर काळी पट्टी असलेला जगप्रसिद्ध माणूस, त्याने वेष बदलायचा तरी कसा! पुढे स्वतः दायान यांनीच ते लिहून टाकलं. १९८५ मध्ये राजीव गांधी न्यूयॉर्कला इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान शिमोन पेरेस यांना उघडपणे भेटले आणि १९८७ मध्ये इस्रायलचा टेनिस संघ डेव्हिस चषकासाठी दिल्लीत खेळून गेला. पाच वर्षांनी दूतावास आला.

अनौपचारिक संबंध असे मुरतात. मुरले की एक दिवस पाटी बदलायला फार कष्ट पडत नाहीत.

---

सडेतोड

बाणकोट, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. इस्रायलशी संबंध जोडणारे राव आणि तैपेईत असोसिएशन काढणारेही रावच. एका ठिकाणी दूतावास, दुसऱ्या ठिकाणी मंडळ. अरब देशांचा विरोध पत्करता आला, मग चीनचा का नाही?

---

हेमाडपंती

कारण दोन्ही कुलपं वेगळी आहेत.

इस्रायलला मान्यता आधीच दिलेली होती, फक्त दार उघडायचं होतं. ‘इस्रायलचं खरं सरकार आम्ही’ असं म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. शिवाय तेव्हा सोव्हिएत संघ विरघळला होता, माद्रिदमध्ये अरब आणि इस्रायली एका टेबलाशी बसले होते. खुद्द चीननेही इस्रायलशी संबंध जोडले, कधी? २४ जानेवारी १९९२. आपल्या पाच दिवस आधी.

तैवानच्या बाबतीत १९४९ मध्ये आपण देशाची मान्यता काढली नव्हती. चीन नावाच्या एका देशाचं सरकार कोण, याचं उत्तर बदललं होतं. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांतही हाच प्रश्न होता, ठराव क्रमांक २७५८, बाजूने ७६, विरोधात ३५. आपण बाजूने होतो. आता उद्या तैपेईत दूतावास उघडायचा तर कोणाचा? ‘चीनच्या प्रजासत्ताका’चा? म्हणजे जुन्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा फिरवायचं, ते बीजिंगलाही नको आणि तैपेईतल्या अर्ध्या लोकांनाही नको. की ‘तैवान’ नावाच्या नव्या देशाचा? ती घोषणा तैपेईनेच अजून केलेली नाही. मुलाचं नाव घरच्यांनीच ठेवलं नसताना शेजाऱ्यांनी पाळण्याभोवती काय म्हणायचं?

म्हणून बाणकोटांच्या मुरण्याशी मी पूर्ण सहमत नाही. इस्रायलची पाटी बदलली, कारण बदलायला काही होतं. तैवानला औपचारिक मान्यता देणारे देश आता १२ उरलेत. जानेवारी २०२४ मध्ये निवडणूक संपून दोन दिवस होत नाहीत तोच नाउरूने साथ सोडली.

---

सडेतोड

पाळण्याचा दृष्टान्त चांगला आहे, पण मूल आता पंचाहत्तरीचं झालंय काका. 🙂

कुलपं वेगळी, हे मान्य. तरी ऑक्टोबर २०२० आठवा. तैवानच्या राष्ट्रीय दिनाआधी दिल्लीतल्या चिनी दूतावासाने आपल्या पत्रकारांना पत्र पाठवलं, तैवानला देश म्हणू नका, त्साय यांना अध्यक्ष म्हणू नका. तैवानच्या परराष्ट्र खात्याने ट्विटरवर भारतीय मित्रांच्या वतीने परस्पर उत्तर दिलं, ‘गेट लॉस्ट’. आपल्या घरात येऊन आपल्या पत्रकारांना दम दिला, आणि सणसणीत उत्तर दिलं कोणी, तर ज्यांच्याशी आपले संबंध नाहीत त्यांनी.

---

दीपमाळ

अवांतर होईल, पण नेताजींच्या चौकशीवरही याचा परिणाम झाला होता ना? विमान अपघात तैहोकूला, म्हणजे आजच्या तैपेईला झाला असं म्हणतात.

---

बाणकोट

झाला होता. १९५६ ची शाहनवाज समिती जपानपर्यंत गेली, पण तैवानला गेलीच नाही, कारण राजनैतिक संबंध नव्हते. जिथे अपघात झाला म्हणायचं ती जागाच न बघता अहवाल! २००५ मध्ये मुखर्जी आयोग तैपेईला गेला, तेव्हा तिथल्या सरकारने सांगितलं की १८ ऑगस्ट १९४५ ला अशा अपघाताची नोंद आमच्याकडे नाही. आयोगाने अपघात अमान्य केला, सरकारने २००६ मध्ये आयोग अमान्य केला. पाटीची किंमत मोजणाऱ्यांत इतिहासही आहे, अक्षांश.

(पुढचं त्या विषयाच्या धाग्यावर. इथे सुरू झालं तर तीनशे प्रतिसाद पडतील आणि तैवान राहील बाजूला.)

---

रानजाई

किंमत चुकवणाऱ्यांत पुढे कामगार येतील असं मला वाटतं. २०२४ चा सामंजस्य करार झाला, त्याच्या आधी एक लाख भारतीय येणार अशी बातमी पसरली. तैवान सरकारने आकडा नाकारला, पण तोवर तिथल्या समाजमाध्यमांवर भारतीयांबद्दल जे लिहिलं गेलं ते वाचवत नव्हतं. मग मार्चमध्ये कामगारमंत्री श्यू मिंग-चुन यांना माफी मागावी लागली, कारण ईशान्य भारतातल्या लोकांचा वर्ण आणि आहार आमच्यासारखा आहे, म्हणून आधी त्यांना घेऊ, असं त्या बोलून गेल्या होत्या.

मला प्रयोगशाळेत सगळे नावाने ओळखत होते, प्राध्यापक पाठीशी होते, माझं निभावलं. कारखान्यातल्या किंवा बोटीवरच्या माणसाचा पगार अडकला, मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, तर त्याच्या मागे उभं राहणारं ऑफिस किती मोठं आहे, तिथे किती माणसं आहेत, हे बघायला हवं. पाटीवर काय लिहिलंय याचं त्याला काही पडलेलं नसेल.

---

अक्षांश

रानजाई, धागा काढताना माझ्या डोक्यात हा कामगार नव्हता, कबूल करतो. मी किंमत म्हणजे मानापमान, एवढाच विचार करत होतो. जमाखर्च यांचं कलम ९०-ए भांडवलासाठी आहे. माणसांसाठीचं ठिगळ अजून कच्चं दिसतंय.

---

जमाखर्च

+१. भांडवलाच्या बाजूने वकील आणि सनदी लेखापाल उभे असतात. म्हणून ते ठिगळ लवकर शिवून होतं.

---

नवखा_२२

वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच लिहितोय. भाच्याला शिंचूला एमएससाठी प्रवेश मिळालाय. कागदांसाठी दिल्लीलाच जावं लागतं का? आणि विद्यापीठाच्या अर्जात, आपल्या बाजूच्या अर्जात, देशाच्या रकान्यात काय लिहायचं? हा धागा वाचून पेन उचलायची भीती वाटायला लागलीय.

---

रानजाई

अभिनंदन भाच्याचं! दिल्लीलाच जावं लागतं असं नाही. चेन्नईला २०१२ पासून केंद्र आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईतही उघडलं (चीनने निषेध केला, ते रीतीप्रमाणे). कोणत्या राज्याचे कागद कुठे घेतात ते केंद्राच्या संकेतस्थळावर आधी बघा. अपॉस्टिल करू नका, परत सांगते, करू नका.

रकान्यात बिनधास्त तैवान लिहा. आपल्या सरकारच्या ई-व्हिसाच्या यादीतसुद्धा तैवानच लिहिलंय. आणि मूळ पदवीपत्राच्या दोन-तीन जादा प्रती प्रमाणित करून ठेवायला सांगा, तिथे गेल्यावर एखादी हमखास लागते.